चामड्याचा वॉशर

सायकल दुकानवाल्या काकांनी मला दिलेलं स्प्रिंगचं जुनं एअर पिस्तूल आज लुळं पडलं. छर्रा टार्गेटच्या कागदापर्यंतही पोचेना. आपल्याच हातून मेलं की काय, असं वाटलं. उघडलं, तर आत सायकलच्या पंपात असतो तसलाच चामड्याचा वॉशर, वाळून कडक झालेला.

आठवीतून शाळा सोडून, घरापासून इतक्या लांब काकांच्या दुकानात लागलो, तेव्हा असाच वॉशर मी फेकायला निघालो होतो. काका म्हणाले, "अरे लेका, मेला नाही तो, वाळलाय! तेल पाज आणि थांब जरा."

आज दोन थेंब पाजले आणि थांबलो. लांब आल्यावर माणूसही असाच वाळत असेल.

संध्याकाळी छर्रा कागदातून आरपार गेला. भोकाला बोट लावून बघितलं. पहिलं वर्षभर मी कामात चुकतच होतो; काका थांबले.