अख्ख्या जगापेक्षा मोठा तुकडा

हातातला कागद खाली पडला. पोरीला वारा घालायला मी रद्दीतून उचललेला तो, आणि त्याच्यावर कॉलेजातल्या सरांच्या पेपरातलं गोल चित्र छापलेलं होतं. पाय चार्ट म्हणतात त्याला. भाकरीसारखा गोल आणि त्याचे दोन तुकडे. भला मोठा तुकडा आपल्या देशाचा आणि नखाएवढा जगाचा. मी परत बघितलं. आपला देश जगात आहे ना, मग तो जगापेक्षा मोठा कसा? आणि हेच पान असलेल्या चाळीस कॉप्या बाइंडिंग होऊन सरांच्या पिशवीत गेलेल्या. सर बसस्टँडवर. मद्रासला सेमिनार, तिथं ते हा पेपर वाचणार.

मी तंजावूरला एका डीटीपीच्या दुकानात टाइप करायची. लग्न करून मिरजेहून आलेली. शाळा नववीपर्यंत, पण इंग्लिश टायपिंगची परीक्षा पास. अर्थ कळला नाही तरी अक्षरं बरोबर पडायची. नवरा कोइमतूरला मिलमध्ये, महिन्यातून एकदा यायचा. दहा महिन्यांची पोरगी माझ्या टेबलाखाली गोधडीवर. मुदलाळी, म्हणजे मालक, तेवढं चालवून घ्यायचे.

दिवसभर तमिळ. मला निम्मं कळायचं. पोरीशी मराठी बोलायची, ती काय उत्तर देणार? फक्त रघुनाथराव सर आले की कुणीतरी माझ्याशी मराठी बोलायचं. ते कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवायचे, घराणं मराठा राजांच्या काळापासून हितलंच. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या चालीवर हेलकावे खाणारी. "काय गे, जेवलीस का?" एवढंच विचारायचे. त्यांचं काम यायचं त्या दिवशी मी वेणी नीट घालायची. खरंच सांगते.

तर तो पेपर. सरकार वर्षभर स्वतःचा कारभार चालवायला जे खर्च करतं, मास्तरांचे, डॉक्टरांचे पगार, सैन्य, ऑफिसं, त्याला सरकारी उपभोग खर्च म्हणतात. धरण बांधलं तर ते यात धरत नाहीत, पेन्शन पण नाही. काम देताना सरांनीच मला सांगितलेलं. सगळ्या जगातल्या सरकारांचा असा खर्च एकत्र केला तर त्यात आपला वाटा किती, हे त्यांनी काढलेलं. टेबलात, म्हणजे तक्त्यात, आपला आकडा कोटी रुपयांत, जगाचा अब्ज डॉलरमध्ये. शेवटच्या रकान्यात सरांनी हातानं डॉलर करून वाटा बरोबर लिहिलेला. खाली पेन्सिलनं, 'चित्र पण काढ'.

मी पहिले दोन रकाने धरले आणि बटण दाबलं. आमच्याकडं राइस मिलचं, सोसायटीचं काम यायचं, सगळं रुपयांतच. डॉलरकडं लक्ष कोण देतंय? आणि कॉम्प्युटरला रुपया-डॉलर कळत नाही, त्याला नुसता आकडा दिसतो. रुपयांचा आकडा लांबलचक. पोरगी रडत होती, मी प्रिंट काढली आणि न बघता कॉप्या काढायला पाठवली.

मी मुदलाळींना कागद दाखवला. ते तमिळमध्ये म्हणाले, "गप्प बस. कोण बघतंय चित्र?"

"सर बोलणार तितं, लोक हसतील."

"तू काय अर्थमंत्री आहेस? सांगायला गेलीस तर चूक आपली ठरते. नाही गेलीस तर कॉम्प्युटरची."

मी पोरीला कमरेवर घेतलं आणि पळाले. एक चप्पल तुटली, ती हातात घेतली.

बस लागलेली. सर खिडकीत, शेजारी कॉलेजातले दोघं मास्तर. मला दम लागलेला. मी नुसता कागद वर धरला.

"काय झालं गे?"

"सर, मी रुपये नि डॉलर एकात घातले. चित्र चुकलंय. सगळ्या कॉप्यांत."

शेजारच्या मास्तरांनी कागद ओढून घेतला आणि ते मोठ्यानं हसले. "अय्यो, सगळ्या जगाचा पगार आपलंच सरकार देतंय!" दुसरा म्हणाला, "वर्ल्ड बँकेला आता आपणच कर्ज देऊ." मागच्या सीटवरचे पण बघायला लागले.

सर हसले नाहीत. कान लाल झाले त्यांचे. त्यांनी पिशवी उघडली आणि एकेका कॉपीतलं ते पान फाडून खिडकीतून माझ्याकडं दिलं. चाळीस पानं. टेबल वेगळ्या पानावर आणि बरोबर होतं, ते राहिलं. कंडक्टरनं शिट्टी मारली. बस हलली तेव्हा मी हात केला. त्यांनी बघितलं नाही.

पेपर चांगला झाला म्हणे. पुढच्या आठवड्यात सरांनीच मुदलाळींना सांगितलं, तमिळमध्ये. नोकरी राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पार्त्तु टाइप पण्णम्मा." म्हणजे, बघून टाइप कर, अम्मा. मी मराठीतच म्हटलं, "सर, पोरगी आता उभी राहते." ते म्हणाले, "नल्लदु." चांगलं आहे.

त्यानंतर सर माझ्याशी मराठी बोललेच नाहीत.

कामाचं शिकले ते एवढंच. आकडा टाकायच्या आधी त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचायचं. ते मी अजून करते. पण दुसरं, मी बरोबर केलं का, ते अजून कळंना. मी गप्प राहिले असते तर सरांचं मद्रासला शंभर लोकांपुढं हसू झालं असतं, आणि परत येऊन त्यांनी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या असत्या. त्या पण माझ्याजवळ, मराठीत. मी पळत गेले.

तुम्ही काय केलं असतं?