दोन गव्हांची आई

कसालला मालवणची एसटी थांबली, तेव्हा शेजारच्या सीटवरच्या बाईंनी दोन लहान कुंड्या माझ्या मांडीवर ठेवल्या. "काकानू, इतकी रोपां धरा हां, पाणी हाडतंय," म्हणत त्या उतरल्या.

रोपं गव्हाची होती. आमच्याकडे गहू कुठला! कुतूहलाने मी मातीत खोचलेल्या दोन्ही चिठ्ठ्या काढून वाचल्या. बाई येताना दिसल्या, तशा चिठ्ठ्या घाईने परत खोचल्या. कुठली कुठे, ते पाहिलं नाही.

त्यांनी पानांवर पाणी शिंपडलं. मी विचारताच खुलून सांगू लागल्या. दोन्ही रोपं त्याच दोन जातींच्या संकराची. एकात जी जात आई, ती दुसऱ्यात बाप. "उन्हावर अन्न करणारे हिरवे कण आणि श्वासाचे कण गव्हात आईकडूनच येतात. आई बदलली की किती फरक पडतो, ते मोजायचंय."

"पण दिसतात तर सारखीच."

"म्हणान तर चिठ्ठी!"

न सांगितलं तर कळणारही नाही, असं वाटलं. कट्टा गाव येईपर्यंत गप्प बसलो, मग चिठ्ठ्यांचं सांगून टाकलं.

"खंयची खंय होती, खात्री आसा?"

हो म्हणावंसं फार वाटलं. "नाही," म्हणालो.

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या उपटून पर्समध्ये टाकल्या. "आता ह्यांची आवस कोण, तां ह्यांकाच म्हायत. परत पयल्यापासून." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी तेच खरं धरून आकडे लिहिले असते."

हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. पण कट्ट्यापर्यंत मी गप्प का होतो, ते त्यांनी विचारलंच नाही.