होडीत पुढे बसणाऱ्या अक्का

माझ्या बायकोच्या आत्यांइतकं वाऱ्याला धाकात ठेवणारं माणूस अख्ख्या बंगळुरूत दुसरं नसेल. त्यांचं घराणं कैक पिढ्या इथलंच. सगळं बसवनगुडी त्यांना अक्का म्हणतं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं आहे की, नोकरीसाठी पुण्याहून आलेला मी, लग्नानंतर बरेच दिवस त्यांच्या प्रत्येक वाक्याला नुसतं 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणत असे. अशाच एका 'सरी'त मी त्यांच्या होडीवर जायचं कबूल करून बसलो.

पन्नाशीत डॉक्टरांनी अक्कांना गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम सांगितला होता. पोहलं की केस भिजतात, म्हणून त्यांनी शहराबाहेरच्या तलावावरचा शिडाच्या होड्यांचा क्लब गाठला. पहिल्याच रविवारी होडी उलटली आणि केस भिजलेच. दोष होडी चालवणाऱ्याचा ठरला आणि त्याला बदलण्यात आलं. असे बरेच बदलून झाल्यावर माझा नंबर लागला.

या शर्यतीच्या होडीत माणसं दोनच. मागच्याने सुकाणू आणि मोठं शीड सांभाळायचं. पुढच्याने छोटं शीड ओढायचं आणि होडी कलली की काठावर बसून अंग होडीबाहेर झोकून तिला सरळ ठेवायचं. मागचा कप्तान आणि पुढचा त्याच्या हाताखालचा, असा नियम आहे म्हणतात. अक्कांच्या कानावर तो गेलेला नव्हता. मागे बसायला मात्र त्या कधीच तयार झाल्या नाहीत. "मागे बसून काय दिसतं? पुढच्याची पाठ!" त्यामुळे लाइफ जॅकेट आणि केसांत मोगऱ्याचा गजरा अशा वेषातली ती पाठ मी वर्षानुवर्षं पाहत आलो.

काठावर मी जावई असे. "जावईबापू, तुम्ही चटणी घेतलीच नाहीत!" होडी सुटली की तेच तोंड सुरू होई, "अरे, झोपलास काय! वळव! स्वल्प नाही रे, पुरती वळव!" उतरल्यावर पुन्हा, "दमलात का हो?"

क्लबातली तरुण मंडळी मोबाइलवर वाऱ्याचे नकाशे बघत. अक्का नाक वर करून बसत. एकदा भर शर्यतीत म्हणाल्या, "पलीकडच्या गावात फोडणी पडली. उजवीकडे चल." आम्ही उजवीकडे गेलो आणि वारा मिळाला. कशाची फोडणी, असं मी गमतीने विचारलं. "हुळीची," त्या गंभीरपणे म्हणाल्या. हुळी म्हणजे इथलं सांबार. "हिंग जास्त झालाय."

एकदा वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या बोयाशी एक निवृत्त फौजी गृहस्थ आमच्या आडवे आले. आधी जाण्याचा हक्क त्यांचाच होता. अक्का बसमध्ये म्हणावं तशा म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प जाग बिडी." त्या गृहस्थांनी सवयीने सरकून जागा दिली. आपण बसमध्ये नसून शर्यतीत आहोत, हे त्यांच्या ध्यानात येईतो आम्ही पुढे निघून गेलो होतो.

एवढं सगळं करून आमचा नंबर दरवर्षी दुसरा. पहिला कधीच नाही. मग गेल्या वर्षी गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं की यापुढे होडीत उकिडवं बसणं बंद. अक्कांनी वार्षिक शर्यतीनंतरची तारीख मागून घेतली. ऑपरेशन पुढे छान झालं. आता त्या रोज संध्याकाळी पार्कात फिरतात आणि तिथल्या बायकांना चालायचं कसं ते शिकवतात.

पण त्या शेवटच्या शर्यतीत आम्ही खरोखरच पहिले होतो. शेवटची फेरी उरली होती आणि अक्का म्हणाल्या, "डावीकडे." मी डावीकडे घेतली आणि वारा पडला. शीड ओल्या टॉवेलासारखं लोंबलं. उजव्या काठाने एकेक होडी आमच्यापुढे निघून गेली. फौजी अण्णांनी तर जाताना हात केला. सगळ्यांची शर्यत संपली तरी आम्ही तलावाच्या मध्यावरच. शेवटी क्लबची मोटरबोट आम्हाला ओढून न्यायला आली.

"अक्का, दोरी धरा. जेवणं खोळंबलीत."

"नीवु होगी," अक्का म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो."

मोटरबोट गेली. अक्का बराच वेळ गप्प होत्या. ही मला नवीन गोष्ट होती. त्यांनी एक हात पाण्यात सोडला होता.

"मी चुकले रे," त्या म्हणाल्या.

"होतं कधीकधी."

"कधीकधी नाही. आजच."

तेवढ्यात दूरवर पाणी काळसर झालं, बारीक लाटा उठल्या आणि आमच्याकडे सरकू लागल्या. अक्कांना ते माझ्याआधीच दिसलं असणार. त्यांचा हात पाण्यातच होता. मी शिडाची दोरी ओढायला घेतली.

"राहू दे," त्या मागे न वळता म्हणाल्या. "स्वल्प बसू या."

मी दोरी सैल सोडली. वारा आला, शीड थोडं फडफडलं, गजऱ्यातली दोन फुलं पाण्यात पडली, आणि वारा आमच्याजवळून पुढे निघून गेला.