बिनभोकाचं पातेलं

गल्लीत तिला सगळे कुंडीताई म्हणत. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले आणि निवृत्त झाल्यावर तिला हे खूळ लागलं. जुन्या बाजारातून काहीबाही उचलून आणायचं, बुडाला भोक पाडायचं आणि त्यात झाड लावायचं. तिच्या गॅलरीत हेल्मेटमध्ये पुदिना होता, टाइपरायटरच्या पोटात शेवंती, वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये लिंबू. एका जुन्या कमोडमध्ये सुंदर गुलाबही फुलला होता, पण शेजारीण काही केल्या त्याचा वास घ्यायला तयार नव्हती.

भोकाशिवाय झाड लावायचं नाही, हा तिचा नियम. पाणी तुंबलं की मुळं कुजतात, हे ती कुणी न विचारताही ऐकवत असे.

पण एकदा जुन्या बाजारात एक निळं इनॅमलचं पातेलं सापडलं तेव्हा तिचाच हात अडला. काठावरचा टवका ओळखीचा होता. सात वर्षांची असताना तिनंच ते आपटलं होतं आणि बिनदिक्कत धाकट्या भावाचं नाव सांगितलं होतं. त्याला बसलेला धपाटा तिला अजून ऐकू येई. आईचं सगळं स्वयंपाकघर त्या एका पातेल्यावर चाले. ते दिवस आठवले की तिला भडभडून येई.

आई गेल्यावर घर रिकामं करताना भावानं हिला न विचारता सगळं भंगारात दिलं. त्यावरून जे वाजलं, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बोलणं बंद.

तिनं तळाशी खडे घालून, भोक न पाडताच, पातेल्यात जाईचं रोप लावलं. महिन्याभरात पानं पिवळी पडली. इनॅमलला भोक पाडताना कपच्या उडतात. एकही न उडवता ते काम करणारा एकच फिटर तिला माहीत होता, आणि तो तिचा भाऊ. पातेलं परक्या हातात द्यायला मन धजेना. रोप मरू द्यावं की आपण नमतं घ्यावं, या घोळात आठवडा गेला. शेवटी रोपासकट पातेलं पिशवीत घालून ती त्याच्या दारात उभी राहिली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीत.

"याला भोक पाडून हवंय," ती म्हणाली. तीन वर्षांनी तोंडातून निघालं ते हे!

"कुठं मिळालं?"

"जुन्या बाजारात."

"मी दुसऱ्याच दिवशी परत गेलो होतो गं. भंगारवाला म्हणाला, सगळं विकलं. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

तिनं पातेलं पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"पाडतोस ना भोक?"

"नाही."

"अरे, रोप मरेल!"

त्यानं रंगाचा रिकामा डबा शोधला, त्याला भोक पाडलं आणि मातीसकट रोप त्यात हलवलं. मग नळाशी बसून पातेलं घासत राहिला. ते पुसून त्यानं तिच्यापुढे धरलं.

"तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "त्या निमित्तानं मी येत जाईन."

"निमित्त कशाला लागतं?" तो म्हणाला. पण पातेलं मात्र त्यानं ठेवून घेतलं.