प्लास्टिकचं गवत

माझी मोठी मावशी तिसरीच्या वर्गाला शिकवायची. शाळेत तिला सगळे चिखलबाई म्हणत. आठवड्यातून दोनदा ती वर्ग शाळेमागच्या मोकळ्या जागेत न्यायची आणि पोरं गुडघ्यापर्यंत माखून परतायची.

वर्गात एक मुलगी होती. दोन ओळी वाचायच्या म्हटलं की तिला घाम फुटायचा. पोरं तिला 'ढ' म्हणून चिडवत. पण मागच्या जागेत एकदा ती उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाई, ऊन सगळीकडे सारखंच, मग एवढीच माती ओली कशी?" खणलं, तर खाली फुटका नळ! त्याच दिवशी पहिल्या नंबरचा मुलगा गांडूळ बघून रडला, तेव्हा ते हातात कसं धरायचं हे तिनंच त्याला दाखवलं. हे सांगताना मावशी अगदी खुलायची.

पुढे पालकांच्या तक्रारी आल्या. मोजे खराब होतात म्हणे! मुख्याध्यापकांनी त्या जागेवर फरश्या घातल्या आणि तिथं गाड्या लागू लागल्या.

काही महिन्यांनी तपासणी आली. विषय काय, तर 'निसर्गातून शिक्षण'! गाड्या हलल्या, फरशीवर प्लास्टिकचं गवत अंथरलं, भाड्याच्या कुंड्या आल्या. मावशीच्या वर्गातले पहिले दहा नंबर रिकाम्या झाऱ्या घेऊन फोटोसाठी उभे. बाकीची मुलं वरच्या खोलीत, बाहेरून कडी.

"अहो, त्यांना का कोंडलंय?" मावशीनं विचारलं.

"ती पोरगी साहेबांसमोर काहीतरी बरळायची, बाई. शाळेची अब्रू जाईल," मुख्याध्यापक हसत म्हणाले.

त्या हसण्याची मावशीला शिसारी आली. ती तडक वर गेली, कडी काढली आणि सगळ्यांना खाली घेऊन आली. मुलीनं गवत चिमटीत धरलं, बोटं हुंगली.

"बाई, हे तर पायपुसणं आहे!"

तपासणीला आलेल्या साहेबांनी ऐकलं. मान फिरवली आणि बशीतलं बिस्किट उचललं.

शाळेला पहिलं बक्षीस मिळालं. मावशीला खुलासा मागणारं पत्र आलं. 'किळस आली,' एवढंच लिहून तिनं त्यासोबत राजीनामा जोडला. आता दर रविवारी ती त्याच मुलांना नदीकाठी नेते. ती मुलगीही जाते.

त्या शाळेवरून जाताना मावशी अजून थुंकते. भर रस्त्यात, शिक्षिका असून! आई तिला रागावते. मी नाही.