दुपारचा पहारा

आईला फसवले ते भर सकाळी, बेलापूरच्या आमच्या घराजवळच्या वळणावर. मोटारसायकलवरून दोघे आले, आम्ही पोलीस आहोत, म्हणाले. पुढे चोऱ्या होत आहेत, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा. आईने बोरमाळ आणि पाटल्या स्वतःच्या हाताने काढून दिल्या. त्यांनीच गाठ बांधून रुमाल परत दिला. घरी येऊन रुमालाची गाठ सोडली तर आत खडे.

नंतर जो भेटायला आला त्याने एकच विचारले, "पण तुम्ही दिलंच कसं?" आई उत्तर देत नसे. हळूहळू तिने दार उघडणे सोडले, मग कोणाच्या हातून काही घेणेही. चहाचा कप खाली ठेवला, की मग ती उचलायची. जेवण तुटले. देवपूजा तिने सुनेवर सोपवली. मी पतसंस्थेत हिशेब तपासतो. चूक सापडली की ती दुरुस्त होते, एवढेच मला ठाऊक. इथे माझे काही चालेना. देवासमोर हात जोडत होतो, पण मनात काहीच उमटत नव्हते, इतका थकलो होतो.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी औषध सुरू केले. तिथल्या समुपदेशक बाईंनी बजावले, की 'कसं दिलं' हे घरात कोणी विचारायचे नाही, आणि गर्दी नसेल तेव्हा आईला ओळखीच्या जागी न्यायचे. त्यांच्यापुढेही आई गप्पच बसली. गावात मारुतीच्या देवळात सप्ताह चालू होता. दुपारी तिथे फारसे कोणी नसते, म्हणून तिला घेऊन गेलो.

सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, असा अखंड पहारा चालतो. त्या दुपारी वीणा घेऊन एक अनोळखी म्हातारी उभी होती. पाथर्डीकडची, लेकीकडे आलेली. तिच्या जागी येणारी बाई आलीच नव्हती.

"ये बाई, धर की जरा," तिने आईला हाक मारली. "गुडघं लई ठणकत्यात."

मी पुढे झालो, तर म्हातारीने मला अडवले. "तुमी बसा भाऊ. आता बायांचा पहारा हाय."

आई मागे सरकली. "माझ्या हातात काही देऊ नका. माझा भरवसा न्हाई."

"का? वीणा घेऊन पळतीस व्हय?" म्हातारी म्हणाली. "पळ बरं. बघू, कोणाचं गुडघं आधी बसत्यात!"

तिला आमच्याकडचे काहीच ठाऊक नव्हते. आणि आई हसली. म्हातारीने वीणा तिच्या गळ्यात घातली, रीतीप्रमाणे तिच्या पायाला हात लावला आणि खांबाला टेकून डोळे मिटले. आई उभी राहिली. हळूहळू तिच्या तोंडून नाम ऐकू येऊ लागले.

पुढची बाई आल्यावर आईने वीणा तिच्या गळ्यात घातली. परतताना मी काही विचारले नव्हते. आईच म्हणाली, "त्यातल्या एकानं मला आई म्हटलं रे. म्हणून दिलं." मग वाटेतच बसून रडली. मी शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेलो, तर म्हातारी गावी परतलेली. आई अजून कडी लावून दोनदा ओढून पाहते. औषध चालू आहे. समुपदेशक बाईंशी आता बोलते. त्या दुपारी काय घडले, याचा उलगडा करायच्या फंदात मी पडत नाही. मारुतीरायापुढे उभा राहतो, आईला सांभाळणारा मी एकटा नाही एवढे मान्य करतो, आणि कामाला लागतो.