सोडचिठ्ठीवरचा अंगठा

“गेश्पेर्ट,” नवीन क्लबची ट्रेनरबाई म्हणाली आणि तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला. मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं होती. माझी लेक मैदानात, नवीन जर्सीत, बाकीच्या पोरींबरोबर बॉल मारत होती. फोनवर तिचं नाव आणि नावापुढे लाल खूण. गेश्पेर्ट मला माहीत होतं, तीनदा पिन चुकला तेव्हा माझं बँकेचं कार्ड गेश्पेर्ट झालं होतं. रस्ता खणला की पाटी लागते, गेश्पेर्ट. म्हणजे बंद. पण पोरगी कशी बंद होईल? अकरा वर्षांची पोर, ती काय कार्ड आहे?

मी म्हटलं, चुकलं असेल, परत बघा. तिने परत बघितलं. म्हणाली, जुन्या क्लबने हिला सोडलेलंच नाही. तुम्ही आबमेल्डन केलं होतं ना? मी म्हटलं, हो, हो, केलं, मी स्वतः केलं! मग कागद कुठंय, म्हणाली.

कागद? ह्यांना फोन लावला, एकदा, दोनदा, पाचदा. हे प्लांटवर, शनिवारची शिफ्ट, फोन लॉकरमध्ये. तोवर लेक पळत आली. “मामा, वास इस्ट?” आई, काय झालं म्हणून. मराठी सगळं कळतं तिला, पण बोलते जर्मनच. ट्रेनरबाईनेच सांगितलं. लेक रडली नाही. जर्सीवर जॅकेट घातलं, चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि बाकावर जाऊन बसली. माझ्या बाजूला नाही, पार दुसऱ्या टोकाला.

आता सांगते हे कसं झालं, आणि मधे थांबले तर राहून जाईल म्हणून एका दमात सांगते.

आम्ही जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या बाहेर एका लहान गावात राहतो. इथे आलो तेव्हा लेक आठ वर्षांची होती, तिला भाषा येत नव्हती आणि मला तर बारावी नापासाचं इंग्रजीसुद्धा धड नाही. गावातल्या क्लबने तिला घेतलं. तिथला ट्रेनर म्हातारा, पोस्टातून रिटायर झालेला. थंडीत पोरांची बोटं आखडली की गुडघ्यावर बसून एकेकाच्या बुटाच्या नाड्या बांधायचा. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला नुसता रागच आहे. राग आहेच, पण त्याने नाड्याही बांधल्या.

तो ग्रुपवर कायम लिहायचा, पोर येणार नसेल तर आबमेल्डन करा. म्हणजे येणार नाही असं कळवा. ते मी शिकले. गणपतीला, सर्दी झाली की, मी लिहायचे, ‘मुलगी आज आबमेल्डन’. त्याचा अंगठा यायचा, वर केलेला, पिवळा. जर्मन भाषेत मी कुणाला न विचारता करू शकत होते अशी ती एकच गोष्ट होती.

शनिवारी मॅचला मी काउंटरवर वाफल भाजायचे आणि कुंपणाला टेकून आईबाप बोलायचे ते ऐकायचे. दुसरा विषयच नाही. शेजारच्या गावची गोलकीपर शहरातल्या क्लबने नेली. बूट फुकट दिले म्हणे. अहो, बूट कसले, बापाला स्वप्न दिलं! तो बघा, कोपऱ्यात वही घेऊन उभा आहे, कुणाकडे बघतोय? तुमच्या पोरीकडे नाही, काळजी करू नका. मग सगळे हसायचे. पोरं अकरा-बारा वर्षांची आणि हे आपले कोण कुठे जाणार, कोण गद्दार, कोणाचा बाप लाळघोट्या.

मे महिन्यात तो वहीवाला माझ्या काउंटरवर आला. वाफल घेतलं, साखर जास्त मागितली आणि म्हणाला, ती डाव्या पायाची तुमची का?

झालं. लेकीचे पाय जमिनीला लागेनात. शहरातल्या क्लबने दोनदा बोलावून तिला बघितलं, घेतलं, आणि ट्रेनरबाई म्हणाली, जून संपायच्या आत जुन्या क्लबला लेखी आबमेल्डन करा. लेक म्हणाली, आई, तू कर, मला आमच्या ट्रेनरकडे बघवणार नाही. हे एक वाक्य ती मराठीत बोलली. ह्यांना सांगायचं मी मुद्दामच टाळलं. हे कायम म्हणतात, तुला एक काम धड जमत नाही. म्हटलं, हे जमवून दाखवते.

आणि मी ग्रुपवर लिहिलं, ‘माझी मुलगी आबमेल्डन. सगळ्यासाठी धन्यवाद.’ खाली हात जोडले. लेखीच होतं ना? व्हॉट्सॲप काय तोंडी असतं?

दोन मिनिटांत त्याचा अंगठा आला. आमच्याकडे अंगठा उठला की व्यवहार पक्का. वर त्याने लिहिलं, ‘गुटे बेसेरुंग’. हे मी डॉक्टरकडे ऐकलेलं होतं, औषधाच्या दुकानात ऐकलेलं होतं, दारातून बाहेर पडताना म्हणतात. मला वाटलं निघणाऱ्याला म्हणायचं असतं. बेसर म्हणजे जास्त चांगलं, म्हणजे जा, तुमचं चांगलं होवो. मागोमाग बाकीच्या आयांची फुलं, हृदयं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. म्हटलं, काय माणसं आहेत, नावं ठेवली नाहीत.

त्याचा अर्थ, लवकर बरी हो. त्यांना वाटलं पोर आजारी आहे.

दुसऱ्याच दिवशी क्लबची उन्हाळ्याची सुट्टी लागली, प्रॅक्टिस बंद, कुणी काही विचारलं नाही. क्लबातून नाव काढायचं खरं आबमेल्डन म्हणजे सहीचं पत्र, रजिस्टर पोस्टाने, ते मी कधी पाठवलंच नाही. मुदत गेली. मुदत गेली की जुना क्लब मनात आलं तर सोडतो, नाहीतर सहा महिने पोरीला मॅच नाही. मधे हिवाळ्यात मैदानंच बंद. आणि ट्रेनरबाईने स्पष्ट सांगितलं, प्रॅक्टिसला येऊ दे, पण हिवाळ्यात टीममधल्या जागा परत ठरतात, न खेळलेल्या मुलीसाठी मी काय बोलू?

हे संध्याकाळी घरी आले. सगळं ऐकलं, जेवले आणि म्हणाले, “अंगठेबहाद्दर.”

“अहो, पोरीसमोर तरी...”

“पोरीसमोरच. तिलाही कळू दे आईने काय दिवे लावले.”

मंगळवारी मी जुन्या मैदानावर गेले. काउंटरचा एप्रन माझ्याकडे राहिला होता, तो धुऊन इस्त्री करून नेला. म्हाताऱ्याने एप्रन घेतला, बाकावर ठेवला. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये बोलायला लागले तर हात वर केला.

“तुम्ही लिहिलंत ती आजारी आहे.”

“आजारी नाही लिहिलं.”

“मग काय लिहिलंत?”

“आबमेल्डन.”

“तेच ना!” तो म्हणाला. “सुट्टीभर मी म्हणत होतो पोर बरी असेल ना. सात नंबरची जर्सी बाजूला काढून ठेवली. आणि ऑगस्टमध्ये शहरातल्या क्लबकडून कागद येतो, हिला सोडा. मी पोस्टात चाळीस वर्षं रजिस्टर पत्रं वाटली, बाई. मला एक लिहिता आलं नाही तुम्हाला?”

मी म्हटलं, शब्द तोच आहे, तुमचाच आहे, एकाच शब्दाचे दोन अर्थ मला कुठून कळणार? तो म्हणाला, सगळ्यांना कळतात.

मग म्हणाला, मी सांगितलं तर क्लब सोडेल. पण आधी ग्रुपवर लिहा, सगळ्यांसमोर, की पोर आजारी आहे असं तुम्ही खोटं सांगितलंत. माफी मागा. मग मी सही करतो.

घरी येईपर्यंत मी मनात एकच घोकत होते. मी खोटं बोललेच नव्हते. चुकले, पण खोटं नाही. आणि ते लेखी द्यायचं? आमचे कायमच्या राहण्याचे कागद ऑफिसात पडलेत, उद्या तिथे कुणी तो मेसेज दाखवला तर? हे हसले. म्हणाले, “तुला कोण विचारतंय तिथे? लिही आणि मोकळी हो. पोरीचं वर्ष जातंय.”

मी लेकीकडे बघितलं. मला वाटत होतं, ती म्हणेल, आई, लिहू नकोस. तिने एवढंच विचारलं, रविवारपर्यंत होईल का?

मी लिहिलं. माझं जर्मन वाचून ती म्हणाली, दे इकडे, आणि तिने दुरुस्त केलं. देअर, दी, दास, शब्दाआधी लागतात ते सगळं जागेवर बसवलं. खोटं तसंच ठेवलं. मी पाठवलं.

अंगठा आला. मग एका आईने, माझ्याबरोबर दोन वर्षं काउंटरवर उभी राहिलेली, लिहिलं, ‘गुटे बेसेरुंग’, पुढे हसरा चेहरा. या वेळी मला अर्थ कळला. संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं. सोडचिठ्ठी मात्र शुक्रवारी आली, त्याने शब्द पाळला.

रविवारी लेक खेळली, चांगली खेळली. नव्या कुंपणाला टेकलेला एक बाप दुसऱ्याला सांगत होता, ती बघ, खोटं बोलून आणलेली. त्याला वाटलं मला भाषा येत नाही.

आता मी लेकीला काही सांगितलं, पाचला घ्यायला येते, डब्यात पोळी-भाजी ठेवली आहे, काहीही, तर ती मान वर करून विचारते, “एश्ट?” खरंच का? पूर्वी विचारत नव्हती. मी म्हणते, खरंच गं. ती डबा उघडून बघते.

मी नसतं लिहिलं तर ती अजून त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली असती. लिहिलं तर हे असं. तुम्ही आई आहात, बाप आहात, माझ्यापेक्षा शिकलेले आहात. माझ्या जागी, हातात तो फोन आणि समोर ती पोर असती, तर तुम्ही काय केलं असतं?